साक्रीहून झालेलं लॉगिन

सॉफ्टवेअर बंद पडलं की माझं डोकं आधी तापतं आणि मग चालायला लागतं. धुळ्यातल्या एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून हा क्रम मी कित्येकदा अनुभवला आहे. त्या दिवशी मात्र तापायलाही सवड नव्हती. ग्रंथालयाचं दार उघडतेय तोच आमची वनस्पतीशास्त्राची बाई लॅपटॉप छातीशी धरून समोर उभी. संध्याकाळी पाचला विद्यापीठाचं पोर्टल बंद होणार होतं. तोपर्यंत तिचा प्रबंध चढला नाही तर पीएच.डी.ची नोंदणी रद्द. एक मुदतवाढ घेऊन झाली होती, तिच्यावरची दुसरीही घेऊन झाली होती. आता तिसरी मिळणार नाही असं विद्यापीठाने स्वच्छ कळवलं होतं.

ही बाई आमच्याकडे तासिका तत्त्वावर शिकवते, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच पगार. पीएच.डी. झाली तर कायम नोकरीच्या मुलाखतीत तिला कोणी उभं तरी करेल. माहेर मुक्ताईनगरकडचं, केळीच्या बागांमधलं, म्हणून विषयही केळीवरच्या विषाणूचा. पानं पिवळी पडलेली झाडं मुळासकट उपटून जाळताना तिने लहानपणापासून पाहिलेली. मला ती अक्का म्हणते आणि मी तिला हवं तेव्हा रागावते, असं आमचं जमतं.

अडचण प्रबंधाच्या शेवटच्या पानांची होती. समितीने शेरा मारला होता की संदर्भ अर्धवट आहेत, कुठे वर्ष नाही, कुठे पानांचे आकडे नाहीत, ते पूर्ण करा. हे काम हाताने करायचं तर आठवडा गेला असता. पण संदर्भ सांभाळणारं एक सॉफ्टवेअर असतं. ते शोधनिबंधांच्या ऑनलाइन भांडाराशी जोडलं की गाळलेल्या जागा आपोआप भरून देतं. कॉलेज त्या भांडाराची वर्गणी भरतं आणि प्रत्येक संशोधकाला आपलं आपलं लॉगिन मिळतं. बाईने बटण दाबलं की सॉफ्टवेअर थोडा वेळ विचार केल्यासारखं करायचं आणि सांगायचं, जोडणी नाकारली. का नाकारली ते सांगायचं नाही. सरकारी कचेरीतल्या खिडकीवर बसलेल्या माणसाचे सगळे गुण त्यात होते.

मी कंबर कसली. आधी नेट तपासलं, ते धडधाकट होतं. मग अँटिव्हायरस बंद करून पाहिला. लॅपटॉपचं घड्याळ मागेपुढे झालं की अशी नाटकं होतात, म्हणून तेही पाहिलं. जोडणीची फाइल नवी उतरवली, सेटिंग पुन्हा भरली, शेवटी सॉफ्टवेअर काढून टाकून पुन्हा घातलं. काढताना बाईचा चेहरा पांढरा पडला, कारण सगळे संदर्भ त्यातच होते. नक्कल करून ठेवली आहे असं सांगितलं तरी तिचा हात टेबलाच्या कडेवरून सुटेना. नवं सॉफ्टवेअर उघडलं, बटण दाबलं, आणि पुन्हा तेच. जोडणी नाकारली.

दुपार होत आली होती. तिने डबा उघडला नव्हता आणि मला भूक लागली होती, त्यामुळे मी आणखी चिडले होते. मी सॉफ्टवेअर बाजूला ठेवलं आणि भांडाराची साइटच सरळ उघडली. तिथे मात्र लाल चौकटीत कारण होतं. आपल्या संस्थेच्या एका लॉगिनवरून असाधारण वापर झाल्याने सेवा तात्पुरती स्थगित. म्हणजे दोष सॉफ्टवेअरचा नव्हताच. दार पलीकडून लावलं होतं आणि आम्ही सकाळपासून अलीकडची कडी खटखटवत बसलो होतो.

मदत केंद्राला फोन लावला. लांबून कुठून तरी एक सभ्य गृहस्थ हिंदीत बोलू लागले. आमच्या खात्याची पानं चाळून त्यांनी लॉगिनचं नाव सांगितलं. ते बाईचंच होतं. ते म्हणाले, हे एकच लॉगिन शिरपूर, नाशिक, सुरत, साक्री अशा कितीतरी ठिकाणांहून चालतंय, आम्हाला ही टोळी वाटते. मी फोनवर हात ठेवून बाईकडे पाहिलं. ती खाली मान घालून एकेक गाव ओळखू लागली. शिरपूर म्हणजे दिराचा मुलगा, फार्मसीला आहे. नाशिकला नणंदेची मुलगी. सुरतेला चुलत जाऊबाईंचा जावई, तोही काहीतरी शिकतोय.

श्रावणात सासरी कानबाई बसली, म्हणजे आमच्या खानदेशातल्या देवीची स्थापना झाली, तेव्हा सगळे भाऊबंद जमले होते. जेवणं झाल्यावर शिकणाऱ्या पोरांनी घेरलं, काकू तुमच्याकडे सगळे पेपर फुकट उघडतात म्हणे, आणि हिने सगळ्यांसमोर पासवर्ड सांगून टाकला. आमच्याकडे कानबाईच्या प्रसादाचा रोट भाऊबंदांबाहेर कोणाला देत नाहीत, पण घरातल्या कोणाला नाही म्हणायचीही रीत नाही. नाही म्हणणारी सून वर्षभर सगळ्यांच्या तोंडी राहते. तेव्हा ती टोळी म्हणजे हिचं सासर होतं, आणि हे मी त्या गृहस्थांना कुठल्या हिंदीत समजावणार होते?

पण त्यांचा मुद्दा भाऊबंदांचा नव्हताच. ते म्हणाले, ते सगळं आम्ही चालवून घेतलं असतं. खरं कारण साक्री. काल संध्याकाळी तिथून तासाभरात शेकडो निबंध उतरवले गेले. एवढं कोणी वाचत नसतं, हा चोरीचाच प्रकार आहे.

बाई एकदम म्हणाली, "ती वाचते, अक्का. खरंच वाचते."

साक्रीत हिचे कोणी भाऊबंद नव्हते. तिथून वाचणारी ती हिची जुनी विद्यार्थिनी होती, आता पश्चिमेकडच्या डोंगरातल्या एका आश्रमशाळेत शिकवते. तिलाही पासवर्ड हिनेच दिला होता. पाड्यावर रेंज नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी शाळा सुटली की ती जीपने साक्रीला उतरते, बाजार करते आणि एका ओळखीच्या दुकानाच्या पायरीवर बसून आठवड्याचं वाचन मोबाइलमध्ये भरून घेते. रानातल्या कंदांवर तिला संशोधन करायचं होतं आणि त्याचा आराखडा ती लिहीत होती. येत्या काळात सुट्ट्या आणि पाऊस बघता पुन्हा कधी उतरता येईल याचा भरवसा नाही, म्हणून काल तिने हाताला लागेल ते सगळं घेतलं असणार. बाई हे भराभर सांगत होती आणि मला घड्याळ दिसत होतं.

त्या गृहस्थांनी सांगितलेला उपाय सोपा होता. लॉगिन कायमचं बंद करायचं, बाईला नवं द्यायचं, त्याला तिचाच मोबाइल जोडायचा म्हणजे दुसऱ्या कोणाला ते उघडणार नाही. आणि ग्रंथपाल म्हणून मी लेखी द्यायचं की बाहेरच्या व्यक्तीने अनधिकृत वापर केला होता आणि पुन्हा होणार नाही. हे लेखी मिळालं की मदत केंद्र लगेच सेवा सुरू करणार होतं.

मी मजकूर लिहून काढला. बाई म्हणाली, नुसतं गैरसमज झाला असं नाही का लिहिता येणार? मी तिच्यावर ओरडले. मला तिचा राग आला होता, पासवर्ड वाटल्याचा आला होता, आणि त्याहून जास्त याचा की आत्ताही ती स्वतःला सोडून दुसरीचा विचार करत होती. इतक्या वर्षांचं काम पाण्यात घालायचंय का, असं मी विचारलं. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. खाली मुलं मोटारसायकलींवर बसून हसत होती. मग ती वळली.

"करा बंद," ती म्हणाली.

मी सही केली आणि पाठवून दिलं. तिकडून उत्तर यायला वेळ लागला. मग लाल चौकट गेली. सॉफ्टवेअरमध्ये नवं लॉगिन घातलं, बटण दाबलं, आणि वर्षं, अंक, पानं एकेक करून जागेवर येऊ लागली. मध्येच एके ठिकाणी ते थांबलं, पण पुन्हा सुरू झालं. प्रबंध नव्याने जुळवला, पोर्टलवर चढवला. हिरवी खूण दिसली तेव्हा पाचला थोडाच अवकाश होता. बाई खुर्चीत बसली आणि ढसाढसा रडली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, कारण मलाही रडू येत होतं आणि हाताला काहीतरी काम हवं होतं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. साक्रीची ती विद्यार्थिनीच होती. डोंगर उतरून साक्रीला आली होती. बाईने नाव पाहिलं आणि फोन माझ्यापुढे सरकवला. मी उचलला. पलीकडून हलक्या आवाजात विचारणा झाली.

"मॅडम, बठ्ठं बंद शे. मनं काही चुकनं का?"

सगळं बंद झालंय, काल उतरवलेलं निम्मं उघडतच नाही, म्हणून आज अर्धी रजा टाकून पुन्हा आले, असं ती सांगत होती. मी तिला मी कोण ते सांगितलं, आणि तुझं काही चुकलं नाही म्हटलं. तिने अनधिकृत वापर केला असं घटकाभरापूर्वी मीच सही करून दिलं होतं. पोरं वाचत नाहीत म्हणून मी आख्खी नोकरी कुरकुर करण्यात घालवली. आणि वाचायला डोंगर उतरून येणारी एक जण सापडली तर तिला बाहेर काढणारी सही माझीच होती. स्वतःची इतकी चीड मला फार वेळा आलेली नाही.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, धुळ्याला ये, इथे ग्रंथालयात बसून वाचलेलं चालतं, त्याला लॉगिन लागत नाही. तिचा आवाज एकदम उजळला. रविवारी येऊ का, विचारलं तिने. तिला सुटी तेवढीच असते.

रविवारी आमचं ग्रंथालय बंद असतं. ते मला सांगवेना. मी म्हटलं, "बघते."

नोकरीत असलेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ कळतो. बरं मॅडम म्हणून तिने फोन ठेवला. बाईने डोळे पुसत विचारलं, काय म्हणाली? मी म्हटलं, बरं म्हणाली.