दुभाष्यावरून झालेलं भांडण

हेमंतसर गेल्याची बातमी मला शिरीषच्या एसएमएसने कळली, आणि पहिला राग त्याचाच आला. सिन्नरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये मी बसले होते. स्टोअरकीपर मला मालाचे कोड वाचून दाखवत होता, तेवढ्यात फोन थरथरला. ‘हेमंत गेला. चार वाजता अमरधाम.’ एवढंच. फोनमध्ये जेवढी नावं होती तेवढ्या सगळ्यांना त्याने हाच मजकूर पाठवला असणार. ज्या माणसाला दोघांच्या कंपनीतून बाहेर पडायला लावलं, त्याच्या जाण्याची खबर द्यायचा मानही ह्यानेच घ्यावा... मी स्टोअरकीपरला म्हटलं, आज राहू द्या. त्याने विचारलं, “घरचं कोणी का मॅडम?” घरचं नव्हतं. कोण होतं ते एका वाक्यात सांगता येईना, म्हणून ‘हो’ म्हटलं आणि स्टँडवर येऊन नाशिकची बस धरली.

आता महिना उलटून गेलाय. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं, अशी रीत आहे. शोकसभेत सगळे चांगलंच बोलले. कोणी म्हणालं सर शांत स्वभावाचे होते, कोणी म्हणालं त्यांनी कधी कोणाचं मन दुखावलं नाही. मी मागच्या रांगेत बसून ऐकत होते आणि हे कोणाबद्दल चाललंय ते मला कळत नव्हतं. हेमंतसर अत्यंत तिरसट होते. चुकीचं काम केलंत तर चार माणसांत तुमची शोभा करायचे आणि वर चहा पाजायचे. शेवटी शिरीष उठला. फोटोला हात जोडले आणि म्हणाला, “हेमंत फार हुशार. फक्त काळाबरोबर बदलला नाही, एवढंच.” त्या ‘एवढंच’वर माझं डोकं फिरलं. हे लिहायला बसले ते त्या एका शब्दासाठी.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला मी त्यांच्याकडे नोकरीला लागले. सातपूरला एका लेथ वर्कशॉपच्या वर दोन खोल्या, त्यात हेमंतसर आणि शिरीष ह्या दोन कॉलेजमित्रांनी काढलेली कंपनी. खाली मशीन सुरू झालं की वर आमचे मॉनिटर हलायचे. शिरीष गिऱ्हाईक आणायचा, सर प्रोग्रॅम लिहायचे आणि आम्ही तीन-चार मुली सरांच्या शिव्या खात शिकायचो. कामं जवळपासचीच असायची. कोणाचं दवाखान्याचं बिलिंग, कोणाची पतपेढी, आणि सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे विंचूरचे एक कांदा व्यापारी. त्यांचं दुसरं खळं, म्हणजे माल उतरवायची-मोजायची जागा, सटाण्याला होतं. दोन्हीकडचा माल एकाच ठिकाणी दिसावा, अशी त्यांची मागणी होती.

इथे थोडं आमच्या धंद्यातलं सांगावं लागेल, कारण सगळं भांडण त्यावरूनच झालं. माहिती साठवली जाते ती तक्त्यांत. एका तक्त्यात कांदा घेऊन आलेल्या ट्रॉल्या, दुसऱ्यात शेतकरी, तिसऱ्यात गावं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या डोक्यात मात्र तक्ते नसतात. त्याच्या डोक्यात एक आख्खी ट्रॉली असते, तिचा मालक असतो, मालकाचं गाव असतं. ह्या दोघांची भाषा एकमेकांना कळत नाही. म्हणून मध्ये एक प्रोग्रॅम बसवतात, जो इकडचं तिकडे करतो. सरांनी तो स्वतः लिहिला होता आणि त्याला ते ‘दुभाष्या’ म्हणायचे. आज असे दुभाषे तयार मिळतात, फुकटही मिळतात. तेव्हा आमच्याकडे सरांचाच होता, आणि तो अगदी सरांवर गेला होता. सगळं स्पष्ट सांगितल्याशिवाय तो काडी हलवायचा नाही. कोणता तक्ता, त्यातलं काय हवं, बदल केलात तर तो जपून ठेवायचा की नाही, हे सगळं दर वेळी लिहून द्यायचं. शेतकऱ्याचा फोन नंबर बदलायचा एवढुसा स्क्रीन, पण त्यासाठी आम्ही अर्धा दिवस बोटं झिजवायचो.

त्यांचं म्हणणं एकच होतं. तक्त्यांपर्यंत जाणं म्हणजे फेरी, आणि प्रत्येक फेरीला वेळ लागतो. प्रोग्रॅमरला फेरी दिसली नाही तर तो बेफिकीर होतो. म्हणून कोणताही स्क्रीन लिहायला घेण्याआधी ते समोर उभं करून विचारायचे, “किती फेऱ्या?” सांगता आलं नाही तर खुर्चीवर बसू द्यायचे नाहीत. आणि स्क्रीन तयार झाला की ‘सटाणा लावायचा’. म्हणजे ऑफिसातलं एक जुनं मशीन टेलिफोनच्या लाइनवरून सटाण्याच्या खळ्याला जोडलेलं होतं, त्यावर चालवून बघायचं. ती लाइन इतकी रडतखडत चालायची की फेऱ्या जास्त असल्या तर स्क्रीन उघडेपर्यंत खाली जाऊन चहा पिऊन येता यायचं. अलकावहिनी, म्हणजे सरांच्या बायको, सांगायच्या की भाजी आणायला निघालं तरी हे विचारतात, आज किती फेऱ्या?

मी त्यांच्याशी भांडले. पहिल्या वर्षी नाही, पण काम यायला लागलं तशी भांडायला लागले. माझं म्हणणं असं की दिवसाची बहुतेक कामं साधी असतात, त्या कामांची शिक्षा कशाला? दुभाष्याला थोडी अक्कल द्या. ट्रॉली मागितली तर तिचा मालक त्याने आपणहून आणावा. बदल झालेत का ते त्याचं त्याने ओळखावं. जिथे फेऱ्या वाढण्याचा धोका आहे तिथे ‘हे सगळं एकदमच घेऊन ये’ असं सांगायची सोय ठेवा, म्हणजे झालं. सर म्हणायचे, “अहो वैशाली, सोय ठेवली की माणूस ती वापरायला विसरतो.” मी म्हणायचे, “तुम्ही विसरू देणार आहात का कोणाला?” त्यावर ते हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी नवा मुद्दा घेऊन यायचे. वर्षानुवर्षं हे चाललं. डबा खाताना, स्टँडपर्यंत चालताना. मला वाटतं माझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला काळ तो होता. इतक्या गंभीरपणे माझ्याशी कोणी भांडलं नव्हतं. घरी तर माझं म्हणणं ऐकून घ्यायच्या आधीच निकाल लागलेला असायचा.

दोन हजार साल उलटल्यावर शिरीषने पुण्याहून एक तयार दुभाष्या आणला. परदेशी होता, देखणा होता, सगळं आपोआप करायचा. तक्ते आहेत हे विसरून जा, असं त्याच्या माहितीपत्रकातच छापलेलं. सरांनी तो दोन दिवस वापरून पाहिला आणि नको म्हणाले. शिरीषने मला विचारलं. मी म्हटलं, घ्या, पण ट्रॉल्यांच्या यादीसारख्या ठिकाणी आपण हाताने सांगायचं की सगळं एकदम आण, आणि सटाणा लावल्याशिवाय काहीही बाहेर द्यायचं नाही. शिरीषने त्यातलं ‘घ्या’ तेवढं उचललं. सरांना जाऊन सांगितलं, वैशालीसुद्धा आपल्या बाजूची आहे. व्यापाऱ्यांना ऑफिसात बोलावून नवीन स्क्रीन दाखवला तेव्हा माहितीही त्याच मशीनवर आणि ट्रॉल्याही नमुन्याच्या, मोजून चार-पाच. स्क्रीन झटकन उघडला. त्या दिवशी सटाणा कोणी लावलाच नाही. मी लावू म्हटलं तर शिरीष म्हणाला, “लोकांसमोर ते डबडं नको काढू.”

पुढे जे व्हायचं तेच झालं. कांद्याचा हंगाम लागला, विंचूरला ट्रॉल्यांची रांग लागली आणि खळ्यावरच्या दिवाणजींचा फोन आला. “मॅडम, नुसतं फिरून ऱ्हायलं ते. शेतकरी लय तापेल हाये, काय सांगू मी त्याइला?” तो देखणा दुभाष्या ट्रॉल्यांची यादी एका फेरीत आणत होता, आणि मग प्रत्येक ट्रॉलीच्या मालकाचं नाव विचारायला वेगळा जात होता, म्हणजे जेवढ्या ट्रॉल्या तेवढ्या जास्तीच्या फेऱ्या. किराणा आणायला जावं, मीठ घेऊन घरी यावं, मग साखरेसाठी परत जावं, तसं. शिरीषने घाईघाईत दोन नवी पोरं बसवली. त्यांनी उपाय काढला की एकदा आणलेली माहिती जवळच ठेवायची, परत जायचंच नाही. स्क्रीन पळायला लागला. पण एका खिडकीवर वजन दुरुस्त केलं तरी दुसऱ्या खिडकीवर जुनंच दिसायचं. एका शेतकऱ्याच्या हातात चुकीच्या वजनाची पावती पडली, आणि खळ्यावर हाणामारीची वेळ आली.

दुसऱ्या दिवशी व्यापारी ऑफिसात आले. त्यांच्यासमोर शिरीष शांतपणे म्हणाला, “मूळ रचना हेमंतची आहे, त्यामुळे असं होतंय.” सर समोर बसले होते. मला वाटलं आता हा माणूस टेबल उलटं करेल. एवढ्या तेवढ्यावरून आमच्यावर ओरडणारा माणूस... ते नुसते उठले, चप्पल घातली आणि जिना उतरून गेले. मी तिथेच सांगितलं की ही रचना सरांची नाही, सरांनी ह्याला नाही म्हटलं होतं. व्यापाऱ्यांनी ऐकलं, शिरीषनेही ऐकलं. ज्यांनी ऐकायला हवं होतं ते तोवर रस्त्यावर पोचले होते.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. ते म्हणाले, उद्यापासून जाऊ नका तिथे, आपण दोघं नवीन काहीतरी काढू. मी म्हटलं, येते, पण विंचूरचं मार्गी लागू दे. लोक ट्रॉल्या घेऊन उभे आहेत, त्यांनी काय केलंय? सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही शिरीषचं ते वाक्य मीच बोलले होते. “शिरीषकडे राहताय, मग शंका शिरीषलाच विचारत जा.” तेवढंच. विंचूरचं काम मी हाताने दुरुस्त केलं, जिथे सगळं एकदम आणायचं तिथे तसं सांगितलं, आणि हंगाम संपल्यावर राजीनामा देऊन त्यांच्या दारात गेले. त्यांनी दार उघडलं नाही. वहिनी मागच्या दाराने बाहेर येऊन ओशाळं हसल्या. त्यानंतर दर दिवाळीला मी फोन करायचे, वहिनी घ्यायच्या, मागे सरांचा खोकला ऐकू यायचा. मी थांबले ते चूक केलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आताही वाटत नाही. शिरीषचा राग येतो, पण शिरीष काय, दुकानदार माणूस. सरांचा येतो तो राग वेगळाच आहे. भांडायला मीच शिकले त्यांच्याकडून, आणि खरं भांडायची वेळ आली तेव्हा हा माणूस दाराला कडी लावून बसला.

तेराव्यानंतर अलकावहिनींचा फोन आला. सर घरातच प्रोग्रॅमिंगचा क्लास घ्यायचे, हे मला ठाऊक होतं. बॅच अर्धी राहिली होती, मुलांनी फी भरली होती. “तुम्ही घ्याल का? दुसरं कोणाला विचारू?” मी शनिवारी गेले. मागची खोली, भिंतीला लागून जुनी मशीन. मुलं सिडकोतली, पंचवटीतली, दोघं-तिघं ओझर-सिन्नरकडून येणारी. मी काही बोलायच्या आत त्यांनी खुर्च्या सरकवल्या आणि सगळी एकाच बाजूला बसली. मी विचारलं, हे काय? एक मुलगी म्हणाली, “शनिवारी वादविवाद असतो मॅडम. आम्ही सगळे सरांच्या बाजूने बोलतो, म्हणजे दुभाष्याने काहीच लपवायचं नाही ह्या बाजूने. समोरची बाजू सर एकटे मांडतात.” समोरची म्हणजे? “ती एका मॅडमची बाजू आहे. सरांच्या ऑफिसात होत्या. सर त्यांच्याकडून बोलतात. आम्हाला एकदाही जिंकू दिलं नाही.”

मी तिला म्हटलं, मॅडमची बाजू काय आहे ते सांग. तिने घडाघडा सांगितलं. साध्या कामाची शिक्षा नको. नेहमीचं दुभाष्याने आपणहून आणावं. धोका असेल तिथे एकदम आणायला सांगायची सोय हवी. आणि दुभाष्या प्रत्येक कामाला किती वेळा गेला ते त्याने मोजत राहावं, ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला तर स्वतः ओरडावं, म्हणजे माणूस विसरला तरी चालेल. ते शेवटचं माझं नव्हतं. माणूस विसरतो, ह्या त्यांच्या आक्षेपाला माझ्याकडे कधीच धड उत्तर नव्हतं. ते त्यांनी शोधलं होतं आणि माझ्या नावावर लावून दिलं होतं.

मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. रडू आलं नव्हतं, संताप आला होता. इतकी वर्षं दर शनिवारी हा माणूस परक्या पोरांसमोर माझ्या वतीने बोलत होता, माझी बाजू पक्की करत होता, आणि पुढच्या खोलीतला फोन उचलून एकदा मला सांगावं, हे काही त्याला जमलं नाही. आत आले तेव्हा मुलं तशीच बसली होती. तीच मुलगी म्हणाली, “मॅडम, आज तुम्ही समोरून बोलणार ना?” मी नाही म्हटलं. त्या सगळ्यांना उठवून समोरच्या बाजूला बसवलं, माझी बाजू त्यांच्याकडे दिली आणि मी सरांच्या बाजूला एकटी बसले. मुलं जोरात होती, सरांनी तयार केलेली होती. तासाभरात त्यांनी मला निरुत्तर केलं. म्हणजे त्यांना तसं वाटलं. माझ्याकडे अजून एक उत्तर होतं, सरांनी दिलं असतं तसंच खोचक, पण ते मी दिलं नाही. म्हटलं, पुढच्या शनिवारी बोलू. हे भांडण असं मध्येच टाकून जायला सरांना कोणी सांगितलं होतं?