ताई सेंट का लावते

आमची ताई सेंट लावते म्हटलं, की ओळखीचे लोक हसतात. कारण बाकी नटणंमुरडणं तिच्या गावीही नाही. चप्पल तुटेपर्यंत वापरते, केस हाताला येतील तसे बांधते. पण कामावर निघताना मनगटांना सेंट लागलंच पाहिजे, तेही वर्षानुवर्षं एकच, मोगऱ्याचं. भावजी म्हणतात, "ही घरातून गेली तरी तासभर घरातच असते."

ताई अंध मुलांच्या निवासी शाळेत वसतिगृह सांभाळते. मी एकदा तिला चिडवलं होतं, "अगं, मुलांना दिसत नाही. मग हा थाट कुणासाठी?"

"दिसत नाही म्हणूनच," ती म्हणाली. "मी बोलले तर त्यांना कळतं मी आहे. गप्प उभी असले तर कसं कळणार? त्यांना पत्ता नसताना त्यांच्याकडे बघायचं म्हणजे चोरून बघणं झालं. मला नाही जमत ते."

आपल्या बहिणीबद्दल अभिमान वाटावा असे क्षण रोज येत नाहीत, तो एक होता.

आणि मग कंपनीने ते सेंट बनवणंच बंद केलं.

नेमकी तेव्हाच शाळेत एक लहान मुलगी नवी आली होती. तिला सगळे चिमणी म्हणत. चिमणी भिंत सोडायची नाही. समोरच्या खोलीत जायचं असलं तरी हात भिंतीवर ठेवून अख्ख्या व्हरांड्याला वळसा घालायची. ताईचा वास आला तरच भिंत सोडून एकदोन पावलं टाकायला ती नुकती कुठे शिकली होती. इकडे बाटलीत मोगरा तळाला गेलेला. ताईच्या तोंडचं पाणी पळालं.

मला घेऊन ती दुकानात गेली. काउंटरवरच्या मुलीने गोड आवाजात विचारलं, "दिवसा लावायला हवंय की संध्याकाळी? फुलांचं दाखवू की चंदनाचं?"

"दहा वर्षांनीही मिळेल असं दाखवा," ताई म्हणाली.

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी छताकडे बघितलं. शेवटी ताईने नमुन्याच्या बाटल्या घेतल्या आणि शाळेत मुलांपुढे ठेवल्या. ज्यांना तिला ओळखायचंय त्यांनीच निवडावं, हा तिचा हिशेब. मुलांनी एकमताने लिंबाचं उग्र सेंट निवडलं, पुरुष दाढीनंतर लावतात तसलं. एका मोठ्या मुलाने निकाल ऐकवला, "मोगरा स्वयंपाकाच्या मावशींच्या तेलालाही येतो, बाई. हा वास इथे दुसऱ्या कुणालाच नाही."

त्या वासाने ताईचं डोकं उठतं. बसमध्ये शेजाऱ्याला तो येत असला तर ती जागा बदलते. तरी तिने तीच बाटली विकत आणली. काही दिवस एका मनगटावर मोगरा, दुसऱ्यावर लिंबू. मोगरा रोज थोडा कमी. भावजींना वाटायचं घरात कुणी पाहुणा आलाय.

मोगरा संपला त्या सकाळी मीच तिला शाळेत सोडलं आणि फाटकाबाहेर थांबलो. ताई व्हरांड्याच्या टोकाला जाऊन उभी राहिली. थोड्या वेळाने चिमणी बाहेर आली, हात भिंतीवर. एक हाक मारली असती तरी भागलं असतं, पण मग नवा वास तिला ओळखीचा झालाय की नाही ते कळलं नसतं. ताईने ओठ घट्ट मिटून घेतले होते.

चिमणी मध्येच थांबली. नाक वर करून तिने वास घेतला. मग पुन्हा एकदा घेतला.

"बाई, तुम्ही बघताय ना?"

"बघतेय गं."

"मग बघा," चिमणी म्हणाली, आणि भिंतीवरचा हात काढून व्हरांड्याच्या मधोमध सरळ चालायला लागली.