तीनशे दाण्यांची गोळी

काही प्रश्न असे असतात की उत्तर शोधायला जावं तर सोबत दोन नवे प्रश्न घेऊन परत यावं लागतं. आमच्या घरातला तसा प्रश्न म्हणजे बंदुकीच्या गोळीचं वजन. शिकारीवर बंदी यायच्या आधीची, साठीच्या दशकातली ही गोष्ट. आम्ही धंतोलीत भाड्याने राहायचो आणि मी कॉलेजात विज्ञान शिकत होते. शहराबाहेर, वाडी गावाच्या पुढे, अमरावती रस्त्याला लागून, आमची संत्र्याची बाग होती. बागेला लागून हरभरा, हरभऱ्याला लागून जंगल, आणि जंगलात रानडुकरं. म्हणून बाबांकडे रायफल होती.

डुकरासाठी ती रायफल फारच मोठी होती. विलायतेला परत निघालेल्या एका गोऱ्या साहेबाकडून बाबांनी ती घेतली होती, आणि साहेबाने ती वाघ, रानगवे असल्या जनावरांसाठी आणलेली. बागेजवळच्या गावातले लोक मागे म्हणायचे, उंदराला तोफ. तिच्या नळीचं माप होतं तीनशे पंचाहत्तर. हे माप गोळीच्या जाडीचं, इंचाच्या हजाराव्या भागांत मोजलेलं, वजनाचं नव्हे, हे मी आमच्या पाहुण्यांना इतक्यांदा सांगितलं असेल की पुढे पुढे सांगायचाच कंटाळा आला. वजन वेगळं. काडतुसाच्या टोकाशी जी गोळी बसवलेली असते तिचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, आणि साहेबाने सोबत दिलेल्या सगळ्या डब्यांवर तीनशे ग्रेन छापलेलं होतं. बाबांनी अनेक वर्षं तेच वापरलं. दुसरं काही असतं हे कळायची त्यांना गरजच पडली नाही.

मग डबे संपत आले. विलायती माल येणं जवळजवळ बंद झालेलं. सदर भागातल्या बंदुकांच्या दुकानात चौकशी केली तर दुकानदार म्हणाला, तीनशे विसरा, दोनशे सत्तर आहेत, हवे तर घ्या. बाबा घुटमळले. दुकानदाराने हिंदीत समजूत घातली की तीस दान्यांचा तर फरक आहे, त्याने काय होतंय. ग्रेनला तो दाना म्हणायचा, आणि बाबा तो शब्द तसाच घरी घेऊन आले.

आई भाजी निवडत होती. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण कोणता दाणा? जवारीचा का तुरीचा?"

मला हसू आलं, पण बाबांना नाही आलं. ते शेतकरी माणूस. त्यांना तो प्रश्न अगदी रास्त वाटला. त्यांनी एका तळहातावर तीस दाणे तुरीचे घेतले, दुसऱ्यावर तीस ज्वारीचे, आणि डोळे मिटून दोन्ही हात वरखाली करत बसले. मी सांगितलं, बाबा, ग्रेन हे इंग्रजी वजन आहे, औषधांच्या दुकानात पूर्वी चालायचं, त्याचा आपल्या धान्याशी संबंध नाही. आई म्हणाली, मग दाणा कशाला म्हणतात मेले?

शेवटी दोनशे सत्तरचा डबा आला.

त्यानंतर हरभऱ्याला घाटे भरत असताना ते घडलं. बाबा आणि आमचा सालदार पहाटे शेतावर होते. सालदार म्हणजे सालभराच्या करारावर ठेवलेला गडी, पण हा इतकी सालं आमच्याकडे होता की करार कोणी आठवत नसे. उजाडत होतं. डुक्कर हरभऱ्यातून बाहेर आलं, बाबांनी गोळी झाडली, आणि ती त्याच्या खांद्याऐवजी मागच्या पायाला लागली. बिथरलेलं जनावर सरळ बांधावर उभ्या सालदारावर गेलं. त्याची मांडी फाटली. त्याला बैलगाडीतून रस्त्यावर, रस्त्यावरून ट्रकमध्ये घालून धंतोलीच्या दवाखान्यात आणलं. जीव वाचला, पण तो पाय पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही.

बाबा दवाखान्याच्या बाकावर बसून एकच वाक्य बोलत होते. गोळी हलकी होती. तीस दाण्यांनी हलकी होती. नेम बरोबर होता.

मला ते पटवून घ्यायचं होतं. खरं सांगायचं तर मला गोळीच दोषी हवी होती. कारण दुसरी जी शंका होती ती मी उघड बोलू शकत नव्हते. गेल्या वर्षभरात बसस्टँडवर बाबा मला पाट्या वाचायला सांगायचे आणि म्हणायचे, चष्मा घरी राहिला. घरी चष्मा नव्हताच. त्यांनी तो कधी केलाच नव्हता.

आणि हरभऱ्याच्या कापणीआधी गावातले लोक डुकरं मारायला बाबांना पुन्हा बोलवायला येणार हे नक्की होतं, दरवर्षी येत. दोष गोळीचा असेल तर बाबांनी जायला हरकत नव्हती, जुनी दोनचार तीनशेची काडतुसं अजून शिल्लक होती. दोष डोळ्यांचा असेल तर पुढच्या वेळी कोणाचं काय होईल याचा विचारही करवत नव्हता. एवढंच मला ठरवायचं होतं, आणि तेच ठरेना.

मी विचारत सुटले. भौतिकशास्त्राच्या सरांनी फळ्यावर बाण काढून दाखवलं की हलकी वस्तू वेगाने जाते, म्हणून ती कमी खाली येते, म्हणजे गोळी वर लागायला हवी होती. बाबांचे एक जुने शिकारी स्नेही घरी आले होते, ते म्हणाले, छे, जड गोळी झाडताना बंदूक जास्त उसळते, म्हणून जडच वर लागते, हलकी खाली. दोघांचं ऐकताना दोघांचं पटत होतं. पण डुकराच्या बाबतीत गोळी ना वर गेली होती ना खाली. ती एक हात बाजूला गेली होती. बाजूचं काय, असं मी विचारलं तर स्नेही म्हणाले, वारा असेल. सालदाराला विचारलं तर तो म्हणाला, वारा नव्हता.

सदरच्या दुकानदाराकडे मी एकटीच गेले. त्याने तर माझी उरलीसुरली अक्कलच गुंग केली. म्हणे, या मापाच्या रायफलीची ख्याती काय आहे ठाऊक आहे? वजन कोणतंही घाला, ही जवळजवळ एकाच जागी मारते. म्हणून तर लोक ती घ्यायचे. मी चिडले. त्यालाच म्हटलं, मग इतक्या वजनांच्या गोळ्या करतात कशाला? तो म्हणाला, जनावरं निरनिराळी असतात म्हणून. पातळ कातड्याला हलकी, जाड कातड्याला जड. त्याच्यावर चिडण्यात काही अर्थ नव्हता, पण मला राग आला खरा.

अखेर मीच बाबांना म्हटलं, एकदा कागदावर मारून पाहू. दोन हलक्या, दोन जड. काय ते डोळ्यांनी दिसेल. शेवटचं वाक्य तोंडातून गेल्यावर माझं मलाच कसंतरी झालं, पण बाबांना कल्पना आवडली.

रविवारी आम्ही बागेत गेलो. नव्या विहिरीच्या मातीचा मोठा ढिगारा होता, त्यावर मी वहीचा पांढरा कागद काट्यांनी टोचला आणि मध्ये काजळाचा ठिपका दिला. ढिगाऱ्याला लागूनच डावीकडे एक म्हातारं संत्र्याचं झाड होतं. सगळ्या झाडांसारखा त्याच्याही बुंध्याला कंबरेइतका चुन्याचा पांढरा लेप दिलेला होता, ऊन पडलं की डोळ्यात भरणारा. सालदार काठी टेकत आला आणि आमच्या मागे बाजेवर बसला. त्याच्या मांडीला अजून पट्टी होती. बाबांनी सरकीच्या पोत्यावर रायफल टेकवली आणि सावकाश चारही गोळ्या झाडल्या. मध्ये डबा बदलताना बोटांनी चाचपून कोणती कोणती ते ओळखलं. हात जराही हलत नव्हता. मला अभिमान वाटला. वाटलं, मी उगाच भीत होते.

मी धावत कागदापाशी गेले. कागद कोरा होता.

आधी वाटलं, भोकं मातीत बुजली असतील. कागद काढून उन्हात धरला. ठिपका तेवढा होता. वर पाहिलं, खाली पाहिलं. माझ्या डोक्यात सरांचे बाण आणि स्नेह्यांची उसळी यांचा नुसता काला झाला. चार गोळ्या गेल्या कुठे? मग संत्र्याच्या झाडाच्या नुकत्याच फाटलेल्या ओल्या लाकडाचा वास आला.

झाडाच्या पांढऱ्या बुंध्यात चार भोकं होती. चारही माझ्या तळहाताखाली झाकली जातील इतकी जवळजवळ. हलकी कोणती आणि जड कोणती हे सांगणं अशक्य. दुकानदार खरं बोलला होता.

मागून बाबांनी विचारलं, "काय वं? वर लागली का खाली?"

मी म्हटलं, "बाबा, तुम्ही नेम कशावर धरला?"

"पांढऱ्यावर. तूच त लावला ना कागद."

मी कोरा कागद हातात घेऊन परत आले आणि तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, उलटा करून पुन्हा फिरवलं. मग ढिगाऱ्याकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, आणि हळूहळू मागे वळून बाजेवर बसलेल्या सालदाराकडे पाहिलं. त्याच्या अंगात पांढरी बंडी होती, पांढरं धोतर होतं. त्या पहाटे बांधावर तो याच कपड्यांत उभा होता. तेव्हा नेम त्याच पांढऱ्यावर गेला असता तर, असं माझ्या मनात आलं. बाबांच्याही मनात तेच आलं असणार, कारण त्यांनी रायफल पोत्यावरच राहू दिली आणि तिच्यापासून दूर जाऊन बसले.

आम्ही तिघं तसेच बसलेलो असताना गावातली दोन माणसं बांधावरून आली. डुकरांनी रात्रीत अर्धा हरभरा उकरला होता. मालक, एक दिवस याच म्हणाले. गोळ्यांचे आवाज ऐकूनच ते आले होते, म्हणजे बाबा तयारीत आहेत असाच त्यांचा समज. उभ्या आयुष्यात बाबांनी गावाला नाही म्हटलं नव्हतं, त्यांना ते कसं म्हणतात हेच ठाऊक नव्हतं.

तेव्हा सालदार बोलला. काठी जमिनीवर टेकवून, पट्टीचा पाय सरळ करून, अगदी जाणकारासारखा.

"मालक येऊन नाही राहिले गा. या बंदुकीले तीनशे दाण्याची गोळी लागते. ते आता भेटत नाही."

माणसं हळहळली. खरंच आजकाल काही भेटत नाही म्हणाली, आणि निघून गेली. बाबा मान खाली घालून हातातल्या कागदाची घडी करत राहिले. पुढे गावात सगळे तेच सांगायचे, बाबांच्या माघारीसुद्धा. कोणता दाणा, हे कोणीही कधी विचारलं नाही.