मदर टिसडेलांचं गुणगुणणं

निम्मा रस्ता चालून झाल्यावर लॅव्हर्नने सँडल काढून हातात घेतले.

"गाडी नको म्हणालीस ना, आता सोस," तिची जुनी मैत्रीण ओरेथा म्हणाली. "असल्याच उंच टाचांवर रात्ररात्र नाचायचीस की."

"तेव्हा गुडघे नवे होते गं बाई."

लॅव्हर्नची आई गेली होती. तिला शेवटचे कपडे घालून दोघी चर्चकडे चालल्या होत्या. उद्या दफन. अख्खं चर्च त्या म्हातारीला मानाने मदर टिसडेल म्हणायचं.

नेवार्क शहरात लॅव्हर्नला सगळे ओळखत ते डिस्कोच्या दिवसांमुळे. चर्चमध्ये गाणारी पोर एकदम अंगभर चमकी लावून टीव्हीवर आली, दोन रेकॉर्डी गाजल्या. मग लोकांचं डिस्कोवरून मन उडालं आणि ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला लागली. त्याची तिला कधी लाज वाटली नाही. लाज दुसऱ्याच गोष्टीची होती.

प्रार्थनेत शब्द संपले की मदर टिसडेल नुसत्या गुणगुणायच्या. जुनी माणसं सांगत, सैतानाला शब्द कळतात, गुणगुणणं कळत नाही. ते सरळ देवाला पोचतं. पहिल्या रेकॉर्डच्या वेळी गाण्यात थोडी जागा उरली. स्टुडिओतले लोक काहीतरी गाऊन भर म्हणाले, तर लॅव्हर्नच्या तोंडून आईचंच गुणगुणणं निघालं. त्याखाली ठेका टाकला गेला. लोक त्यावर एकमेकांना बिलगून नाचले. आईने ते पार्लरमध्ये केस करून घेताना तिथल्या रेडिओवर ऐकलं. बोलली काहीच नाही. पण त्या रविवारपासून चर्चमध्ये तिचं गुणगुणणं बंद झालं ते कायमचं.

"चार शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं," लॅव्हर्न म्हणाली. "पण ती मला जेवायला कोंबडी वाढायची, अजून घे म्हणायची. माझी मान वर व्हायची नाही."

"देवाने केव्हाच माफ केलं असेल."

"देवाचं ठीक आहे. उद्या पास्टर मला गुणगुणायला सांगतायत. मी सुरू केलं की मागच्या बाकांवरच्या लोकांचे पाय त्या रेकॉर्डचा ठेका धरणार. आईच्या शवपेटीसमोर."

धरणारच, हे ओरेथालाही ठाऊक होतं. तिचा स्वतःचा पाय त्या ठेक्यावर कितीदा हलला होता.

चर्चच्या दाराशी लॅव्हर्न थांबली.

"तू जन्मभर चर्चमध्ये तिच्या शेजारी बसलीस. तुझ्याकडे ते गुणगुणणं अजून तिचंच आहे," ती म्हणाली. "उद्या तू गुणगुण, ओरेथा. पास्टरांनी माझं नाव घेतलं तरी मला उठवू नकोस."