लेखी द्या

कपड्यांच्या कारखान्यात दीडशे शिलाई मशिनं होती आणि त्यातलं कुठलं कशामुळे कुरकुरतंय, हे मेकॅनिकबाईला नुसत्या आवाजावरून कळायचं. वीस वर्षं हेच काम. लिहिण्याशी संबंध काय तो सहीपुरता.

मग तिथेच शिवणकाम करणाऱ्या तिच्या धाकट्या जावेच्या बोटातून सुई आरपार गेली. सुईपुढचा गार्ड काढलेला होता. सुपरवायझरनंच तो काढायला लावला होता, काम रेंगाळतं म्हणून. मेकॅनिकबाईनं तेव्हाच त्याला तोंडावर सुनावलं होतं. आणि अहवालात काय आलं? ‘कामगाराचा निष्काळजीपणा.’

ती तरातरा ऑफिसात गेली. "मी डोळ्यांनी बघितलंय, साहेब!"

अधिकाऱ्यानं मान वर केली नाही. "लेखी द्या. महिनाअखेरपर्यंत."

घरी कागद घेऊन बसली. ‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून’ एवढं लिहिलं आणि गाडं अडलं. कागद फाडला. दुसऱ्या दिवशी तेच, आठव्या दिवशीही तेच. नवरा म्हणाला, "अगं, कुणा शिकलेल्याकडून लिहून घे. तुझं काम नाही ते."

"बोट माझ्या जावेचं, मशीन माझ्या हाताखालचं, आणि शब्द तेवढे दुसऱ्याचे? वा रे वा!"

पट्टी बांधलेला हात सांभाळत जाऊ म्हणाली, "ताई, मशीन बिघडलं की तुम्ही एकदम सगळं खोलता का? एकेक स्क्रू काढता ना?"

दुसऱ्या दिवसापासून पाळी संपली की मेकॅनिकबाई कपडे बदलायच्या खोलीतल्या बाकावर पाव तास बसू लागली. रोज निदान तीन ओळी. महोदयांना रजा दिली. ‘सोमवारी दहा वाजता गार्ड काढला. मी नको म्हटलं.’ चुकलं तर एक रेघ मारायची, कागद फाडायचा नाही. एके दिवशी काही केल्या सुचेना, तर तिनं लिहिलं, ‘आज डोकं चालत नाही, पण सुपरवायझर खोटं बोलला हे खरं आहे.’

बायका हसायच्या. "काय गं, कादंबरी का?"

"हो, आणि तूही आहेस तिच्यात!"

महिनाअखेरीला सात पानं भरली. अधिकारी वैतागला. "एवढं कोण वाचणार? एका पानात आणा."

"निष्काळजी म्हणायला तुम्हाला एक शब्द पुरला, तो खोडायला मला सात पानं लागली. वाचा." कुणी बस म्हटलं नव्हतं, तरी ती खुर्ची ओढून बसली आणि त्यानं शेवटचं पान उलटेपर्यंत हलली नाही.

तो शब्द खोडला गेला, सगळ्या मशिनांना गार्ड लागले. सुपरवायझरची नुसती दुसऱ्या खात्यात बदली झाली. जावेची माफी कुणी मागितली नाही, आणि तो विषय निघाला की मेकॅनिकबाईच्या तळपायाची आग अजून मस्तकात जाते.

बाकावर ती अजून बसते. सध्या मागच्या दाराबद्दल लिहितेय. आग लागली तर बाहेर पडायचं ते दार, आणि त्याला कुलूप लावून ठेवतात. चार पानं झालीत.