तसबिरीतला डावा हात

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पहाटे मी बंडी (बैलगाडी) जुंपली आणि आमच्या घरचीला घेऊन गावाहून निघालो. गाव भातकुलीच्या अलीकडे. मी फार शिकलेलो नाही. पंतोजींच्या छडीखाली धुळाक्षरं गिरवली, तेवढ्या जोरावर हे लिहितो आहे. गावातल्या चारचौघांनी विचारलं की अमरावती-अकोल्याकडे काय पाहिलं. तोंडी सांगायला गेलो तर मीच गोंधळतो, म्हणून हे लिहून ठेवलं.

निघायचं कारण आधी सांगतो. आमची गोदी अकोल्याला दिली आहे. लेकीला मूल झाल्याशिवाय बापाने तिच्या घरचं पाणीही प्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. माझ्या बापाने पाळली, मी पाळतो. गोदीची कूस अजून उजवली नाही, म्हणून मी तिच्या दारी कधी गेलो नाही. आधी ती दिवाळीला माहेरी यायची. पण कापसाला भाव चढला, जावईबापू दलालीत पडले, आणि दिवाळीपासूनच त्यांची धावपळ सुरू होऊ लागली. तिचं येणं राहिलं ते राहिलंच.

यंदा आमच्या घरचीच्या कानावर आलं, की गल्लीतल्या बायका गोदीला विचारतात, "तुले बाप हाय का नाही वो?"

"तुमी नका जाऊ," ती मला म्हणाली. "तुमचं तोंड तेवढं पाठवा. अमरावतीत एक जन काचेवर मानसं उतरवून राहिला."

यात रीत मोडत नव्हती. मी बैल जुंपले.

अमरावतीत शिरलो तर रस्ता दिसेना. बंड्याच बंड्या, त्यावर कापसाचे बोंद्रे (मोठे गठ्ठे), आणि वाऱ्यावर कापूस असा उडत होता की बैल शिंकू लागले. एका बंडीच्या चाकांना चांदीची धाव (चाकावरची पट्टी) बसवली होती. मी खाली वाकून हात लावून पाहिलं, तर मालक ओरडला. धर्मशाळेत उतरलो तिथेही कापसाचीच गोष्ट. दूर कुठे लढाई चालू आहे म्हणून आपला कापूस महाग, असं एक जण सांगत होता. कोण कोणाशी लढतो? तर त्याला ते ठाऊक नव्हतं. भांडण त्यांचं आणि चांदी आमच्या चाकाला, हे काही मला उमगलं नाही. आम्ही घरून आणलेली भाकर आणि ठेचा खाल्ला आणि घोंगडी अंथरली. एक चांगलं, धर्मशाळेत असला गोंधळ फुकट ऐकायला मिळतो.

दसऱ्याला सकाळी अंबादेवीचं दर्शन घेतलं. देवळाबाहेर आपट्याची पानं घेतली आणि तसबीरवाल्याच्या तंबूत गेलो. माणूस मुंबईकडचा पारशी. त्याने मला खुर्चीवर बसवलं आणि मागून डोकं लोखंडी चिमट्यात धरलं.

"हलायचा नाय, बाबा."

"मी काय पिंपळाचं पान हाओ हलायले?"

आपट्याचं सोनं मी उजव्या हातात पुढे धरलं. गोदीला वाटावं, बापाने आपल्याला सोनं दिलं. पारशाने काळ्या फडक्यात स्वतःचं तोंड लपवलं. ज्याचं तोंड काढायचं तो उघडा आणि काढणारा झाकलेला, ही कोणती पद्धत?

थोड्या वेळाने काच हातात आली. माणूस मीच होतो. पागोटं माझं, मिशा माझ्या. पण सोनं डाव्या हातात होतं.

"हे काय करून ठेवलं? मी उजवा हात धरला होता."

"काचेत उलटाच येते, बाबा. आरसा कसा असते, तसा. पाहिजे तर डावा हात धरा, उजवा येल."

आता वाचणाऱ्यांनीच सांगावं. डाव्या हाताने सोनं देणं म्हणजे समोरच्याच्या तोंडावर मारणं. खरा हात धरला तर काच खोटं दाखवते, आणि काचेत खरं दिसायला मी खोटा हात धरायचा.

"धरा ना घडीभर," घरची म्हणाली. "कोन पाहून राहिलं?"

"दसऱ्याच्या दिवशी? देव पाहून राहिला."

"देवाले आज काय कमी कामं हायत?"

मी ऐकलं नाही. आहे तीच काच घेतली. पारशाला किती द्यावं लागलं ते लिहीत नाही. साऱ्या प्रवासात पदरचं गेलं ते तेवढंच. दिवस कलल्यावर सीमोल्लंघनाला गेलो. ढोल, सनया, घोडे, ओळखपाळख नसलेल्या माणसांनी घातलेल्या मिठ्या. एका शेटजीने मला सोनं दिलं आणि वाकून पाया पडला. मी कोण, हे त्याला माहीत नव्हतं. मलाही त्या गर्दीत नीट सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी बोंद्र्यांच्या बंड्यांमागे आमची बंडी लावून अकोल्याची वाट धरली. संगत फुकट, चोराची भीती नाही. काच मी सरकीसकट कापसात गुंडाळली होती. गाडीवान हसले, "आबाजी, काचीपेक्षा कापूसच महाग हाय, तो सांभाळा." पुढे एका नाल्याच्या उतारावर बंडी कलली, आमच्या घरचीचं कोपर फुटलं, काच शाबूत राहिली. तिने तो राग मुक्कामापर्यंत पुरवला.

अकोल्यात मोर्णा नदीवर बैल धुतले आणि गोदीच्या गल्लीत गेलो. मी समोरच्या घराच्या ओट्यावर बसलो. घरची काच घेऊन आत गेली. दिवस भुलाबाईचे होते. भुलाबाई म्हणजे माहेरी आलेली पार्वती. ज्वारीच्या धांड्यांच्या (देठांच्या) मांडवाखाली तिची मातीची मूर्ती मांडतात आणि पोरी गाणी म्हणतात. तिन्हीसांजेला गल्लीतल्या पोरी गोदीच्या घरी जमल्या. गाणी झाल्यावर झाकलेली खिरापत (प्रसाद) ओळखायची असते. दोघी-तिघी दारात येऊन मला म्हणाल्या, "आबाजी, तुमी ओयखा." मी म्हटलं पोहे. मग फुटाणे. मग खोबरं. सगळं चुकलं. पोरी हसत आत पळाल्या.

मग विहीणबाई बाहेर आल्या. हातवारे करत बोलणारी बाई.

"इवाई (व्याही), तुमाले त आमी भुलाबाईजवळ बसवलं. खिरापत बी ठेवली तुमच्यापुढं. मंग हे बाहेर कोन बसून राहिलं?"

"आत हाय ते काच हाय."

"तोंड त तुमचंच हाय ना?"

"तोंड माहं हाय."

"अन् हात?"

मी पागोट्यातली दसऱ्याची पानं चाचपली.

"इतक्या वर्सानं बापानं सोनं धाडलं, ते बी डाव्या हातानं. काय राग हाय एवढा? पोरगी चुलीपाशी रडून राहिली."

मी तडक उठलो. रीत पाण्याची आहे, उंबऱ्याची नाही, असं मनाशी म्हटलं आणि आत शिरलो. पागोट्यात खोवलेली पानं काढून गोदीच्या हातावर ठेवली, उजव्या हाताने, सगळ्यांसमोर. आणि काच, आरसा, पारशी, चिमटा सगळं सांगायला लागलो. एक सांगायला गेलो की दुसरं विसरायचो. पोरी तोंडावर पदर धरून ऐकत होत्या.

"बाबा," गोदी म्हणाली, "मी हातासाठी नाही रडली."

"मंग काहून?"

"मिशा सगळ्या पांढऱ्या झाल्या तुमच्या. मले कोनं सांगतलं बी नाही."

मी मिशीवरून हात फिरवला. मी पुन्हा पारशावर आलो. बोलून बोलून घसा कोरडा पडला. कोणीतरी गडवा (तांब्या) हातात दिला, मी तो रिकामा करून खाली ठेवला.

साऱ्या पोरी गडव्याकडे पाहू लागल्या.

"प्याले," विहीणबाई हळूच म्हणाल्या.

गोदीने गडवा उचलला, परत भरला आणि माझ्यापुढे धरला. पहिला चुकून झाला होता, हे साऱ्यांनी पाहिलं होतं. दुसरा मी तिच्या तोंडाकडे पाहत प्यालो.

परतीच्या वाटेवर घरची म्हणाली, "आता लोकाईले काय सांगसान?"

हेच सांगतो, जे लिहिलं. पाणी प्यालो. माझा बाप असता तर काय म्हणाला असता, याचा विचार करत मूर्तिजापूरपर्यंत आलो आणि तिथे सोडून दिला. रीत मोडली म्हणावं, तर वाईट वाटत नाही. पाळली म्हणावं, तर दोन गडवे पाणी पोटात आहे. आता दिवाळीला परत जायचं म्हणते घरची. पाणी चालतं तर जेवण का नाही, असं ती विचारते. बंडीचा आख (आस) बदलायला सुताराकडे टाकला आहे. अकोल्याचा रस्ता फार खराब आहे.