उद्याचा भाव आजच्या ओळीत

मंडळी, आज ऑफिसात जे झालं ते कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तेल अवीवची ही नोकरी मला आमच्या लोद गावच्या, याच ऑफिसात असलेल्या शिमशोनभाऊंनी लावून दिली. त्यांचा कॉम्प्युटर प्रोग्राम जुन्या भावांवर चालवला की दुसऱ्या दिवशीचा डॉलरचा भाव अचूक सांगतो. आज दुपारी तो गिऱ्हाइकांना दाखवायचा होता.

इथलं जुनं चलन लिरा; ते बदलून दहा लिरांचा एक शेकेल झाला, म्हणून सकाळी मला लिरातले जुने भाव दहाने भागून शेकेलमध्ये आणायला सांगितलं. भागले, तर लिराच्या शेवटच्या दिवशी भाव एकदम कोसळलेला! त्या ओळीत आधीच दुसऱ्या दिवशीचा, शेकेलमधला आकडा बसला होता आणि मी तोही दहाने भागला होता. पुढे तपासलं, तर सगळेच भाव एकेक दिवस आधी सरकलेले. म्हणजे प्रोग्राम उद्याचा भाव ओळखत नव्हता, चक्क बघून सांगत होता.

"भाऊ, आकडे सरकलेत," मी हळूच म्हटलं.

त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "कोणाला बोललीस?"

"अजून नाही."

"मग आज राहू दे."

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. मी भाव एक ओळ खाली आणून प्रोग्राम पुन्हा चालवला. निम्मे अंदाज चुकले. दोन्ही कागद साहेबांपुढे ठेवले आणि गिऱ्हाइकांची भेट रद्द झाली.

साहेब म्हणतात, नजरचूक. भाऊ संध्याकाळी लोदला परतताना आगगाडीत मला टाळून दुसऱ्या डब्यात बसले.

दर शुक्रवारी मी त्यांच्याकडे जेवायला असते. उद्या शुक्रवार. तुम्ही गेला असता का?